लहान धातुभागांसाठी परवडणारे कॅड सॉफ्टवेअर : हैदराबादच्या लघुउद्योगांच्या संदर्भात निवडीचे निकष

प्रस्तावना

दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक ड्रिलिंग मशीन आणि कोपऱ्यात धूळ बसू नये म्हणून कापडाने झाकलेला एक संगणक, असे वर्कशॉप हैदराबादच्या बालानगर परिसरात आज नवलाचे राहिलेले नाही. अशा वर्कशॉपचा मालक बहुधा स्वतःच कसबी टर्नर किंवा फिटर असतो. त्याचा मुलगा किंवा पुतण्या आयटीआय अथवा पदविका शिकून त्याच्या मदतीला आलेला असतो. पूर्वी ग्राहकाकडून नमुन्याचा नग किंवा कागदावरचे ड्रॉइंग येत असे. आता फाइल येते. ती उघडता आली पाहिजे, तपासता आली पाहिजे, आणि गरज पडल्यास त्यात दुरुस्ती करून पुढे लेझर कटिंगवाल्याकडे किंवा वायरकटवाल्याकडे पाठवता आली पाहिजे. येथेच प्रश्न उभा राहतो की, कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

या प्रश्नाला सामान्यतः तीन उत्तरे मिळतात. पहिले, जे सर्वात नावाजलेले आहे ते घ्या. पण त्याची किंमत छोट्या वर्कशॉपच्या आवाक्याबाहेर जाते. दुसरे, कोणीतरी ओळखीचा मुलगा नक्कल केलेली प्रत टाकून देतो. तिसरे, इंटरनेटवर फुकट मिळते ते उतरवून घ्या. ही तिन्ही उत्तरे अपुरी आहेत. कारण ती फक्त खरेदीच्या दिवसाचा विचार करतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या आराखड्याचे पुढे काय होणार, याचा विचार त्यात नसतो.

प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, स्वस्त आणि परवडणारे हे दोन शब्द समानार्थी नाहीत. ज्यात काढलेला आराखडा पाच वर्षांनंतरही आपल्या हाती उघडतो, पुढच्या कारागिराकडे बिनचूक पोहोचतो, आणि ज्याचा परवाना आपल्या धंद्याला कायदेशीरपणे लागू पडतो, तेच सॉफ्टवेअर परवडणारे होय.

लेखाची उद्दिष्टे

१) लहान धातुभागांच्या कामासाठी कॅड सॉफ्टवेअरकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी, हे स्पष्ट करणे.
२) निवडीचे निकष सोप्या भाषेत व उदाहरणांसह मांडणे.
३) उपलब्ध पर्यायांची त्या निकषांवर तुलना करणे.
४) तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्थांसाठी काही सूचना करणे.

हैदराबादची पार्श्वभूमी

हैदराबाद शहरातील धातुकामाला दीर्घ परंपरा आहे. निजामाच्या काळात, १९४२ मध्ये ऑल्विन मेटल वर्क्स हा कारखाना सुरू झाला. पुढे तो हैदराबाद ऑल्विन या नावाने ओळखला जाऊ लागला. १९४३ मध्ये सिकंदराबादेत प्रागा टूल्सची स्थापना झाली. स्वातंत्र्यानंतर या शहरात केंद्र सरकारचे मोठे उद्योग आले. १९६७ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, १९७० मध्ये भारत डायनॅमिक्स आणि १९७३ मध्ये मिश्र धातु निगम स्थापन झाले. मोठ्या कारखान्यांना लागणाऱ्या पिना, बुश, ब्रॅकेट, फ्लँज, जिग व फिक्स्चर अशा शेकडो लहान वस्तू बाहेरून करून घ्याव्या लागतात. त्यातून बालानगर, सनतनगर, जीडीमेटला, चेर्लापल्ली व काटेदान या भागांत छोट्या वर्कशॉपचे जाळे वाढले.

या वर्कशॉपना कुशल मनुष्यबळ मिळावे यासाठी झालेल्या प्रयत्नांपैकी महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे बालानगर येथील सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन ही संस्था. भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने १९६८ मध्ये ती स्थापन केली. टूल, डाय व मोल्ड यांच्या शिक्षणासाठी ती देशभर ओळखली जाते. अलीकडे, २०२३ मध्ये, तेलंगण शासनाच्या पुढाकाराने टी-वर्क्स हे नमुना-निर्मितीचे केंद्रही शहरात सुरू झाले आहे.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता. नांदेड, लातूर, परभणी या जिल्ह्यांचा हैदराबादशी शिक्षण, नोकरी व व्यापार यांनिमित्त असलेला संबंध आजही तुटलेला नाही. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा येथील छोट्या वर्कशॉपपुढेही हाच प्रश्न असतो. म्हणून हैदराबादच्या उदाहरणावरून निघणारे निष्कर्ष तेथेही उपयोगी पडतील.

कॅड म्हणजे काय?

संगणकाच्या साहाय्याने आराखडा तयार करणे म्हणजे कॅड. कामाच्या दृष्टीने त्याचे दोन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार द्विमितीय. यात रेषा, वर्तुळ, कंस व मापे असतात. ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर व सेट-स्क्वेअर घेऊन जे काम होत असे, तेच काम पडद्यावर होते. १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले आणि हा प्रकार वैयक्तिक संगणकावर रुळला.

दुसरा प्रकार त्रिमितीय व मापाधारित. यात आधी एक आकृती काढून तिला मापे दिली जातात, मग तिला उंची देऊन किंवा अक्षाभोवती फिरवून घन वस्तू तयार केली जाते. नंतर एखादे माप बदलले की संपूर्ण भाग त्यानुसार बदलतो, आणि त्यावरून काढलेले ड्रॉइंगही बदलते. १९९५ मध्ये आलेल्या सॉलिडवर्क्सने ही पद्धत साध्या संगणकावर लोकप्रिय केली.

एक गोष्ट येथे लक्षात ठेवावी. सॉफ्टवेअर कोणतेही असो, ते विचार करीत नाही. समजा, १२ मिमी व्यासाचा शाफ्ट बुशमध्ये सहज फिरला पाहिजे. पडद्यावर दोन्ही भाग नेमके १२ मिमीचेच काढले जातात व एकमेकांत व्यवस्थित बसलेले दिसतात. प्रत्यक्षात तसे केले तर शाफ्ट फिरणार नाही. ड्रॉइंगवर भोकासाठी १२ एच ७ आणि शाफ्टसाठी १२ जी ६ असे लिहिले, तरच भोक १२.००० ते १२.०१८ मिमी आणि शाफ्ट ११.९८३ ते ११.९९४ मिमी या मर्यादेत केला जाईल, आणि दोहोंमध्ये ६ ते ३५ मायक्रॉनची मोकळीक राहील. ही माहिती आयएस ९१९ या भारतीय मानकातून येते. ती सॉफ्टवेअरच्या किमतीतून येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिली चौकशी अशी करावी की, त्यात टॉलरन्स व फिट ड्रॉइंगवर नीट लिहिता येतात का?

निकष पहिला : भाग कोणत्या जातीचा आहे?

लहान धातुभागांचे स्थूलमानाने तीन वर्ग पाडता येतात.

अ) लेथवर होणारे गोल भाग. पिन, बुश, स्पेसर, नोझल हे भाग या वर्गात येतात. यांना एक छेददर्शन व मापे पुरेशी असतात. द्विमितीय सॉफ्टवेअर येथे पूर्ण काम भागवते. आटे काढताना नवशिके विद्यार्थी प्रत्येक आटा त्रिमितीय रूपात कोरत बसतात व संगणक मंदावतो. त्याची गरज नाही. एम ६ × १ आटा म्हणजे ५ मिमी ड्रिल व त्यावर टॅप, हे कारागिराला ठाऊक असते. त्यासाठी ड्रॉइंगवर आट्याची नोंद पुरते.

आ) पत्र्याचे भाग. ब्रॅकेट, क्लिप, कव्हर, पॅनेल हे भाग या वर्गात येतात. यांत खरी अडचण पत्रा सपाट असतानाचे माप काढण्याची असते. समजा, २ मिमी जाडीच्या पत्र्याचा काटकोनी ब्रॅकेट करायचा आहे. बाहेरून त्याच्या एका बाजूची लांबी ४० मिमी व दुसरीची २५ मिमी आहे, आणि वाकाची आतली त्रिज्या २ मिमी आहे. पुष्कळदा ४० अधिक २५ म्हणजे ६५ मिमी लांबीची पट्टी कापली जाते. पण वाक सुरू होण्यापूर्वीच्या सरळ लांब्या ३६ व २१ मिमी आहेत. वाकात जाणारी लांबी ही त्रिज्या व जाडीचा ठराविक अंश यांवर अवलंबून असते. तो अंश ०.४२ धरला तर वाकाची लांबी १.५७०८ × (२ + ०.४२ × २), म्हणजे सुमारे ४.४६ मिमी येते. म्हणजे पट्टी ६१.४६ मिमी हवी. ६५ मिमी कापली तर ३.५४ मिमी जास्तीचे राहतात, आणि त्या बाजूचे भोक जागेवर येत नाही.

हा ०.४२ अंश सर्वत्र सारखा नसतो. पत्र्याचा धातू, डायची रुंदी व वाकविण्याची पद्धत यांनुसार तो बदलतो. आपल्या प्रेस ब्रेकवर १०० मिमीची पट्टी काटकोनात वाकवून दोन्ही बाहेरच्या बाजू व्हर्निअरने मोजाव्यात. त्यांची बेरीज १०३.५४ मिमी आली, तर वरील उदाहरणातील अंश आपल्याला लागू पडतो. बेरीज वेगळी आली तर अंश बदलावा. ज्या वर्कशॉपचे बहुतेक काम पत्र्याचे आहे, त्याने सपाट माप आपोआप काढणारी सोय असलेले त्रिमितीय सॉफ्टवेअर घेणे हिताचे ठरते.

इ) मिलिंगचे भाग. जिग, फिक्स्चर, ठोकळे, खाचा असलेले भाग यांत येतात. एका भागावर अनेक बाजूंनी काम असेल किंवा अनेक भाग एकत्र जोडायचे असतील, तर त्रिमितीय सॉफ्टवेअरमुळे चूक आधीच लक्षात येते. सीएनसी मशीन असल्यास त्या मशीनच्या नियंत्रकाला समजेल असा प्रोग्रॅम सॉफ्टवेअरमधून निघतो का, हेही तपासावे.

निकष दुसरा : फाइल कोणाकडे आणि कशी जाणार?

लहान धातुभाग एकाच छपराखाली पूर्ण होत नाही. कापणे एकीकडे, वाकविणे दुसरीकडे, प्लेटिंग तिसरीकडे असा त्याचा प्रवास असतो. म्हणून फाइलचे स्वरूप फार महत्त्वाचे ठरते.

लेझर व वायरकटसाठी डीएक्सएफ हे स्वरूप सर्वत्र चालते. ते पाठविताना दोन काळज्या घ्याव्यात. पहिली, या फाइलमध्ये मिमी की इंच हे कित्येकदा नोंदलेले नसते. गैरसमज झाला तर भाग २५.४ पटींनी लहान किंवा मोठा होतो. म्हणून सोबत एक माप शब्दांत लिहून द्यावे, उदाहरणार्थ ‘एकूण लांबी ६१.४६ मिमी’. दुसरी, मापांच्या रेषा, मध्यरेषा व मजकूर काढून फक्त कापायची कडा ठेवावी. नाहीतर मशीन मध्यरेषेवरूनही कापत जाईल.

त्रिमितीय भागासाठी स्टेप हे स्वरूप वापरावे. ते आयएसओ १०३०३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार असते व १९९४ पासून प्रचलित आहे. जवळजवळ सर्व त्रिमितीय सॉफ्टवेअर ते वाचतात. त्याची एक मर्यादा अशी की, त्यातून आकार जातो, पण तो कोणत्या टप्प्यांनी काढला याचा इतिहास जात नाही. त्यामुळे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेल्यावर मापे पूर्वीसारखी सहज बदलता येत नाहीत. म्हणून मूळ फाइल व स्टेप फाइल, दोन्ही जपून ठेवाव्यात.

प्रक्षेपणाची पद्धतही पाहावी. भारतात शाळा-महाविद्यालयांतून प्रथम कोन प्रक्षेपण शिकविले जाते. अमेरिकी ग्राहकाचे ड्रॉइंग तृतीय कोनात असते. खूण न पाहता काम केले तर डावा भाग उजवा होतो, आणि पूर्ण लॉट भंगारात जातो. सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत निवडता आली पाहिजे.

निकष तिसरा : परवाना

हा निकष सर्वात दुर्लक्षित आहे व सर्वात जास्त नुकसान येथेच होते.

नक्कल केलेली प्रत वापरणे हा गुन्हा आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३ ब नुसार, संगणक प्रोग्रॅमची बेकायदेशीर प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालयाला सौम्य शिक्षा देण्याची मुभा आहे. वर्कशॉपमधील वापर मात्र धंद्यासाठीच असतो. शिवाय अशा प्रतीबरोबर व्हायरस येण्याचा धोका असतो, आणि एका दिवसात सर्व ग्राहकांची ड्रॉइंग नाहीशी होऊ शकतात.

‘फुकट’ या शब्दाचेही अनेक अर्थ आहेत. विद्यार्थ्यांना मिळणारा शैक्षणिक परवाना शिकण्यापुरता असतो. विद्यार्थ्याने त्याच प्रतीवर वडिलांच्या वर्कशॉपचे काम केले, तर तो अटींचा भंग ठरतो. ऑटोडेस्क फ्यूजनची वैयक्तिक आवृत्ती फुकट मिळते, पण ती व्यावसायिक कामासाठी नाही. एका वेळी संपादन करता येणाऱ्या फाइलींच्या संख्येवरही तीत मर्यादा आहे. ऑनशेपचा फुकट परवानाही बिगर-व्यावसायिक कामापुरता आहे, आणि त्यातील आराखडे सर्वांना पाहता येतात. सीमेन्सच्या सॉलिड एजची सामुदायिक आवृत्तीदेखील व्यावसायिक वापरासाठी नाही.

हैदराबादच्या संदर्भात हा मुद्दा विशेष गंभीर आहे. येथील अनेक छोटी वर्कशॉप संरक्षण व अवकाश क्षेत्राला भाग पुरविणाऱ्या साखळीत आहेत. ग्राहकाचे ड्रॉइंग ही आपल्याकडे ठेवलेली अमानत असते. ते दूरच्या सर्व्हरवर, त्यातही सर्वांना दिसेल अशा जागी ठेवणे म्हणजे त्या अमानतीत खयानत होय. ग्राहकाशी झालेल्या करारात गोपनीयतेची अट असेल, तर काम गमावण्याबरोबरच कायदेशीर अडचणही येऊ शकते. अशा कामासाठी आपल्याच संगणकावर चालणारे व फाइल आपल्याच डिस्कवर ठेवणारे सॉफ्टवेअर घ्यावे.

फुकट गोष्ट कायम फुकट राहीलच असेही नाही. ड्राफ्टसाइट हे द्विमितीय सॉफ्टवेअर २०१० पासून फुकट मिळत होते व पुष्कळांनी त्यावर आपले काम उभे केले होते. २०१९ मध्ये कंपनीने धोरण बदलले, आणि ३१ डिसेंबर २०१९ नंतर जुन्या फुकट प्रती चालेनाशा झाल्या. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरबाबतही असाच बदल झाला आहे. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नवे कायमचे परवाने विकणे थांबविले व वार्षिक भाड्याची पद्धत आणली. भाडे थांबले की सॉफ्टवेअर थांबते.

याउलट मुक्त स्रोत परवान्याचे सॉफ्टवेअर धंद्यासाठीही वापरता येते. त्याची उतरवून घेतलेली आवृत्ती कोणी बंद करू शकत नाही.

निकष चौथा : पाच वर्षांचा एकूण खर्च

किमती वारंवार बदलतात. म्हणून येथे केवळ पद्धत समजावी यासाठी धरलेले आकडे दिले आहेत. समजा, एका सॉफ्टवेअरचे वार्षिक भाडे २५,००० रुपये आहे. पाच वर्षांचे १,२५,००० रुपये आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर २२,५०० रुपये मिळून १,४७,५०० रुपये होतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरचा कायमचा परवाना ६०,००० रुपयांस मिळतो. करासह तो ७०,८०० रुपयांस पडतो. तिसरे मुक्त स्रोताचे असून त्याला परवाना शुल्क नाही; पण शिकण्यासाठी ६० तास लागले व त्या तासांचे मोल १५० रुपये धरले, तर ९,००० रुपये खर्च होतोच. शिकण्याचा खर्च पहिल्या दोन्ही पर्यायांतही मिळवावा लागेल. नियमित नोंदणी असलेल्या वर्कशॉपला भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील वर्कशॉपला ती मिळत नाही.

याशिवाय चुकीचा खर्च धरावा. वरील ब्रॅकेट ३० मिमी रुंदीचा असेल, तर त्याच्या एका पोलादी पट्टीचे वजन सुमारे २९ ग्रॅम भरते. २०० नग चुकले तर वाया जाणारा पत्रा ६ किलोच्या आतच असतो. पत्र्याचे नुकसान किरकोळ आहे. मात्र कटिंग, बेंडिंग, दोन दिवसांची मजुरी आणि ग्राहकाला दिलेली तारीख वाया जाते. जे सॉफ्टवेअर अशी एक चूक टाळते, ते किमतीने थोडे महाग असले तरी परवडते.

उपलब्ध पर्याय

१) लिब्रेकॅड. हे द्विमितीय व मुक्त स्रोताचे आहे. जुन्या संगणकावरही चालते. डीएक्सएफ हेच त्याचे मुख्य स्वरूप आहे. डीडब्ल्यूजी फाइलींसाठी मात्र त्यावर विसंबू नये. लेथकाम व साध्या कटिंगसाठी योग्य.

२) क्यूकॅड. लिब्रेकॅडचा उगम याच्याच मुक्त आवृत्तीतून झाला. याची व्यावसायिक आवृत्ती विकत मिळते व ती डीडब्ल्यूजी फाइली वाचते. ग्राहक डीडब्ल्यूजीच पाठवीत असेल, पण काम द्विमितीय असेल, तर हा मधला मार्ग विचारात घ्यावा.

३) ऑटोकॅडसारख्या आज्ञा असलेली इतर व्यावसायिक सॉफ्टवेअर. झेडडब्ल्यूकॅड, ब्रिक्सकॅड यांचा यात समावेश होतो. ऑटोकॅडवर हात बसलेल्या ड्राफ्ट्समनला नव्याने शिकावे लागत नाही, हा यांचा मोठा फायदा. कायमचा परवाना मिळतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

४) फ्रीकॅड. हे त्रिमितीय, मापाधारित व मुक्त स्रोताचे आहे. २००२ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची १.० आवृत्ती १८ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाली. पूर्वी एखादे मधले माप बदलले की पुढचे टप्पे विस्कटत. ही जुनी तक्रार या आवृत्तीत बऱ्याच अंशी कमी झाली, आणि भाग जोडण्याची सोयही अंतर्भूत झाली. पत्र्याच्या कामासाठी वेगळी जोडणी फुकट मिळते. मिलिंगचे प्रोग्रॅम काढण्याचा विभागही आहे. मर्यादा अशा की, शिकायला वेळ लागतो, डीडब्ल्यूजी उघडण्यासाठी वेगळ्या परिवर्तकाची मदत घ्यावी लागते, आणि अडचण आल्यास फोन करून विचारावे असा विक्रेता नसतो.

५) सॉलिडवर्क्स, सॉलिड एज, फ्यूजन यांसारखी त्रिमितीय व्यावसायिक सॉफ्टवेअर. ग्राहक मूळ फाइलच मागत असेल, भागांची संख्या मोठी असेल किंवा सीएनसी प्रोग्रॅमिंग रोजचे असेल, तर त्यांचा खर्च वसूल होऊ शकतो.

खरेदीपूर्वी एका आठवड्याची चाचणी

जाहिरातीतील इंजिनचा देखणा नमुना पाहून निर्णय घेऊ नये. आपल्याच वर्कशॉपमधील तीन नग घ्यावेत : एक बुश, एक ब्रॅकेट आणि एक मिलिंग केलेला ठोकळा. ते मोजून सॉफ्टवेअरमध्ये काढावेत. फिट व टॉलरन्स लिहावेत. ज्या मापांना वेगळा टॉलरन्स नाही, त्यांसाठी आयएस २१०२ चा वर्ग नोंदवावा. त्याच्या मध्यम वर्गात ६ ते ३० मिमीच्या मापास ०.२ मिमी व ३० ते १२० मिमीच्या मापास ०.३ मिमी कमी-अधिक चालते. मग डीएक्सएफ व स्टेप फाइली तयार करून नेहमीच्या लेझर कटिंगवाल्याकडे व एखाद्या ग्राहकाकडे उघडून पाहाव्यात. शेवटी एक माप बदलून ड्रॉइंग बरोबर बदलते का ते तपासावे. या चाचणीत जे उतरेल ते घ्यावे.

शिक्षणसंस्थांसाठी सूचना

१) विद्यार्थ्याला एका कंपनीच्या बटणांची सवय लावण्यापेक्षा आधी हाताने रेखाटन, मोजमाप, प्रक्षेपण व फिट शिकवावे. सॉफ्टवेअर बदलतात, हे ज्ञान बदलत नाही.
२) एक व्यावसायिक व एक मुक्त स्रोताचे, अशी दोन सॉफ्टवेअर शिकवावीत. गरीब घरातील विद्यार्थ्याला घरी सराव करता येईल व पुढे स्वतःचे वर्कशॉप काढताना नकली प्रतीचा आधार घ्यावा लागणार नाही.
३) परवान्याच्या अटी हा अभ्यासक्रमाचाच एक पाठ करावा.
४) एका विद्यार्थ्याने काढलेली फाइल दुसऱ्याने वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी, तिसऱ्याने तो नग करावा आणि चौथ्याने मोजावा, असे प्रात्यक्षिक घ्यावे. आराखड्यातील उणिवा यातून आपोआप समजतात.

निष्कर्ष

लहान धातुभागांच्या बहुसंख्य कामांसाठी महागड्या सॉफ्टवेअरची गरज नसते. लेथकामाला व साध्या कटिंगला द्विमितीय मुक्त सॉफ्टवेअर पुरते. पत्र्याच्या व मिलिंगच्या कामाला फ्रीकॅडपासून सुरुवात करता येते. ग्राहकाची मागणी किंवा कामाचा व्याप तसा असेल, तेव्हाच भाड्याच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरचा विचार करावा, आणि तोही पाच वर्षांचा हिशेब मांडून. नकली प्रत व धंद्याला लागू न पडणारा फुकट परवाना, हे दोन्ही मार्ग टाळावेत.

ज्या घरात वडिलांच्या हातात कसब आहे आणि मुलाच्या हातात संगणक आहे, त्या घरातील वर्कशॉप योग्य निवड केल्यास नमुना पाहून नग करण्यापुरते मर्यादित राहणार नाही. स्वतःचा आराखडा स्वतः काढून, तो स्वतःच्या नावाने जपून ठेवणारे असे ते वर्कशॉप होईल. त्यासाठी लागणारी साधने आज उपलब्ध आहेत. ती ओळखण्याची दृष्टी विद्यार्थ्यांना देणे हे तंत्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक संस्थेचे काम आहे.